धाव आणि धीर



पूर्वरंगात आपण ‘अभय’ या एका शब्दाचा विचार केला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंत दैवी संपत्तीचे गुण सांगायला बसले, तेव्हा पहिलं नाव घेतलं ते अभयाचं. आता उत्तररंग लावायचा. तुम्ही म्हणाल, अभयाचं निरूपण झालं, म्हणजे महाराज आता बाजीप्रभूंची खिंड लावणार, नाहीतर तानाजीरावांचा कोंढाणा. ती आख्यानं आमच्या ओठांवरच आहेत. पण आजचं आख्यान लांबचं आहे, सातासमुद्रापलीकडचं. त्यातल्या नायकाने विठोबाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. तरी ते का लावतो, ते आधी सांगतो.

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. सातारा भागात एका गावी सप्ताहात माझं कीर्तन होतं. ते गाव शिपायांचं. घरटी एक माणूस पलटणीत. मी रंगात येऊन शौर्याचं आख्यान लावलं. आरती झाल्यावर एक म्हातारे हवालदार काठी टेकत आले. पाया पडू लागले, मी धरलं. ते म्हणाले, “महाराज, धावून गेला त्याचं तुम्ही छान सांगितलंत. पण आम्ही परत आलो. बरोबरचे आले नाहीत. त्यानंतर रोजचा दिवस काढायचा, त्याचं कीर्तन कुठं असतं का?”

मी काय बोललो असेन? तयार उत्तर दिलं. म्हटलं, “बाबा, प्रारब्धाचे भोग. नाम घ्या.” त्यांनी हात जोडले आणि निघून गेले. पुढल्या वर्षी त्या गावी गेलो, तर ते नव्हते. उत्तर शास्त्राला सोडून नव्हतं, पण त्या माणसाच्या प्रश्नाला ते पुरं पडलं नाही. तो काटा मला टोचत राहिला. म्हणून पुढे एका शिपायाचं चरित्र वाचनात आलं, तेव्हा वाटलं की हवालदारांना जे सांगायचं राहिलं ते यात आहे. तेच आज सांगतो. ऐका.

आयर्लंड नावाचं एक बेट आहे. तिथे डोनेगल परगण्यात फालकॅरा नावाचं गाव. १० मे १८४४ रोजी तिथे एक मुलगा जन्माला आला. नाव मायकेल डॉहर्टी. पोर एक वर्षाचं होतंय न होतंय, तो देशावर आकाश कोसळलं. आपल्याकडे गरिबाला जशी भाकरी, तसा तिथल्या गरिबाला बटाटा. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि शेतंच्या शेतं नासली. पुढच्या पाचसात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि साथीनं गेली. आणखी दहा लाखांहून जास्त लोक देश सोडून गेले. आणि मंडळी, त्याच वेळी त्या बेटावरून धान्याची जहाजं भरून इंग्लंडला जात होती. राज्य इंग्रजाचं. आपल्याकडे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला तेव्हाही हेच झालं. दख्खनमध्ये माणसं मरत होती आणि हिंदुस्थानातून धान्य बाहेर चाललं होतं. आणि मागे जायचं तर आपल्या तुकोबारायांचं घर कशानं मोडलं? १६३० च्या दुष्काळानंच. तेव्हा भुकेनं घर मोडणं काय असतं, ते वारकऱ्याला वेगळं सांगायला नको.

हा मायकेल समुद्र ओलांडून अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहरात आला. परका मुलूख. आयरिश माणसाला तिथे फार मान होता असं नाही. पडेल ते काम करायचं आणि पोट भरायचं. एवढ्यात त्या देशात घरातलीच लढाई पेटली.

ती लढाई कशाची, ते दोन शब्दांत सांगतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात सुमारे चाळीस लाख काळी माणसं गुलाम होती. बाजारात बैल विकावा तशी माणसं विकली जात. आई एका मालकाकडे, लेकरू दुसऱ्याकडे. १८६१ साली दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि चार वर्षं भावाभावांत युद्ध झालं. सहा लाखांहून जास्त शिपाई त्यात गेले. मध्येच १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. या युद्धाची वार्ता आपल्या महाराष्ट्रातही पोचली होती, बरं का. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, तो अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांनाच अर्पण केला. तेव्हा आजचं आख्यान आपल्याला अगदीच परकं नाही.

उत्तरेच्या सैन्यात दर चार शिपायांमागे एक जण परदेशात जन्मलेला होता. जर्मन होते, आयरिश होते. आपला मायकेलही भरती झाला, तेराव्या पेनसिल्व्हेनिया रिसाल्यात, ब कंपनीत. साधा शिपाई.

आता रणभूमीवर या. तारीख १२ ऑक्टोबर १८६३, व्हर्जिनिया प्रांतात जेफर्सन नावाचं ठिकाण. मायकेलचं वय एकोणीस. समोर उघडं माळरान, त्यापलीकडे एक ओसाड घर. घरात शत्रूने ठाण मांडलेलं. तिथून तो गोळ्यांचा वर्षाव करतोय. ते घर त्याच्या हाती राहिलं, तर तो बगल मारून उत्तरेच्या सैन्याला पाठीमागून घेरणार. काय करायचं? माळावर आडोसा नाही, झाड नाही, बांध नाही. हा पोरगा आपल्या कंपनीतल्या काही शिपायांच्या पुढे झाला आणि त्या माळावरून धावत सुटला. गोळ्या येतायत, हा धावतोय. घरात घुसले, शत्रूला हुसकून लावलं.

इथं आपण टाळ्या वाजवतो आणि आख्यान संपवतो. मीही आजवर तेच करत आलो. पण या शिपायाला पुढे जो मान मिळाला, त्याच्या मानपत्रात आणखी एक ओळ आहे. त्या घरावर शत्रूने पुन्हा पुन्हा हल्ले केले आणि या मंडळींनी ते कित्येक तास धरून ठेवलं. धावणं झालं काही क्षणांचं, धरून राहणं झालं तासांचं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत क्षत्रियाचा स्वभाव सांगतात. त्यात शौर्य आहे, तेज आहे आणि लगेच धृती आहे. धृती म्हणजे धीर. धीर जर शौर्यातच आला असता, तर भगवंतांनी त्याचं नाव वेगळं कशाला घेतलं असतं? धाव वेगळी आणि धीर वेगळा. धाव घेताना रक्त तापलेलं असतं. धीर धरायचा तो रक्त निवल्यावर. मायकेलची ती परीक्षा आता सुरू होणार होती.

त्या लढाईत रिसाल्यातले पुष्कळ शिपाई शत्रूच्या हाती सापडले. त्यात मायकेलही होता. पुढचं दीड वर्ष तो कैदेत राहिला. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात, असं करत शेवटी अँडरसनव्हिलला आला.

अँडरसनव्हिल हे गाव जॉर्जिया प्रांतात. तिथे फेब्रुवारी १८६४ मध्ये कैद्यांचा तळ उघडला. तुरुंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भिंती आणि छप्पर येईल. तिथे छप्परच नव्हतं. ओंडके उभे पुरून केलेला मोठा कोंडवाडा, वर उघडं आकाश. सोय दहा हजार माणसांची धरलेली. जून महिन्यात कुंपण वाढवलं, तरी ऑगस्टमध्ये तिथे बत्तीस हजारांहून जास्त माणसं होती. आपल्या एखाद्या मोठ्या गावाचे लोक पाचपन्नास एकरांच्याही आत, पंचवीसेक एकरांत कोंबले असं समजा. कुंपणाच्या आत थोड्या अंतरावर एक हलकं कठडं होतं, त्याचं नाव मरणरेषा. तिला ओलांडलं की वरचा पहारेकरी गोळी घालणार. मधून एक ओढा वाहायचा. वरच्या अंगाला पहारेकऱ्यांचा तळ आणि स्वयंपाकघर, त्यांची घाण त्यात यायची आणि तेच पाणी आत हजारो माणसांनी प्यायचं. खायला मक्याचं भरड पीठ, कणसाच्या बुरकुंड्यासकट दळलेलं. पोटं बिघडली, हिरड्या सुजून दात पडले. दिवसाला शंभराच्या आसपास माणसं मरू लागली. चौदा महिन्यांत सुमारे पंचेचाळीस हजार कैदी तिथे आले, त्यातले तेरा हजारांच्या आसपास तिथल्याच मातीत गेले.

तुम्ही विचाराल, कैद्यांची अदलाबदल का झाली नाही? आधी होत होती, मग थांबली. त्याचं एक मोठं कारण असं, की उत्तरेच्या सैन्यातले काळे शिपाई पकडले गेले, तर दक्षिण त्यांना युद्धकैदी मानायला तयार नव्हती. ती म्हणे, ही आमची पळालेली मालमत्ता आहे. उत्तरेने सांगितलं, सोडायचे तर सगळे सारखे सोडा. त्या एका शब्दाची किंमत कोंडवाड्यातल्या पोरांनी मोजली. तत्त्व बोलायला सोपं असतं हो. त्याची किंमत बहुधा दुसरंच कोणी देत असतं.

आता या कोंडवाड्यात तीन माणसं बघा. तिघेही दुसऱ्या देशातून आलेले.

पहिला आपला मायकेल.

दुसरा हेन्री विर्झ. जन्म स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा. १८४९ साली अमेरिकेत आला, दक्षिणेच्या सैन्यात अधिकारी झाला. कोंडवाड्याची आतली व्यवस्था त्याच्या हाती. धान्य वरूनच कमी यायचं, हे खरं. दक्षिण स्वतःच उपाशी होती, हेही खरं. पण तेरा हजार माणसं मेली ती त्याच्या हाताखाली. युद्ध संपल्यावर खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी दिली.

तिसरा पीटर व्हेलन. हा ख्रिस्ती धर्मगुरू, जन्म आयर्लंडचाच. वय बासष्ट. हा दक्षिणेच्या बाजूचा बरं का. दोन वर्षांपूर्वी एक किल्ला पडला, तेव्हा तो उत्तरेच्या हाती सापडून स्वतः कैदी झालेला होता. म्हणजे ज्यांनी आपल्याला कैदेत टाकलं, त्यांचीच पोरं आता समोर कैदेत मरतायत. दुसरा म्हणाला असता, मरू देत. हा जून १८६४ मध्ये कोंडवाड्यात शिरला आणि चार महिने रोज आत जात राहिला. चिखलात मरणाऱ्याशेजारी बसायचा, अंगावर उवा चढायच्या, उन्हानं कातडं भाजायचं. कैद्यांतलेच काही गुंड दुबळ्यांना लुटत, मारत. त्यांना कैद्यांनीच पकडलं, चौकशी केली आणि ११ जुलैला सहा जणांना फाशी दिलं. त्यांच्यासाठीही हा पदर पसरायला गेला. कोणी ऐकलं नाही. जाताना त्याने कर्ज काढलं आणि दहा हजार पौंड, म्हणजे साडेचार हजार किलो गव्हाचं पीठ घेऊन आजारी कैद्यांसाठी पाठवलं. त्या पिठाच्या पावाला कैद्यांनी नाव ठेवलं ‘व्हेलनचा पाव’. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला भाकरी वाढणाऱ्या मायमाउल्यांनो, हे अन्नदान तुम्हाला समजेल. आपल्या माणसाला आपण घालतोच. यानं शत्रूच्या लेकरांना घातलं.

तिघेही परमुलखातून आलेले. कुंपण एकच, ऊन एकच. माणूस कुठून आला त्यावर काही ठरलं नाही. हाती आलं त्याचं त्याने काय केलं, त्यावर ठरलं.

त्याच ऑगस्टमध्ये एक गोष्ट घडली. मोठं वादळ झालं, धो धो पाऊस, विजांचा कडकडाट. आणि मरणरेषेजवळ जमिनीतून स्वच्छ पाण्याचा झरा फुटला. कैद्यांनी त्याला ‘ईश्वरकृपेचा झरा’ असं नाव दिलं. तो झरा आजही आहे, १९०१ साली त्यावर स्मारक बांधलं. चिकित्सक म्हणतील, पावसाने माती वाहून गेली आणि मुळातला झरा मोकळा झाला. म्हणू देत. मी वाद घालत नाही. तहानलेल्याच्या ओंजळीत पाणी पडलं, की ते कुठून आलं याचा त्याचा निर्णय झालेला असतो.

मायकेल हे सगळं रोजनिशीत लिहीत होता. आणखी एक पोरगा लिहीत होता, डॉरेन्स अॅटवॉटर, वय एकोणीस. मेलेल्या कैद्यांची नोंद ठेवायचं काम त्याला दिलेलं. त्याने त्या यादीची एक चोरून नक्कल केली. सापडता तर जीव गेला असता. युद्धानंतर ती यादी घेऊन तो आणि क्लारा बार्टन नावाची परोपकारी बाई पुन्हा अँडरसनव्हिलला गेले आणि एकेका थडग्यावर एकेकाचं नाव लागलं. तेरा हजारांतली जेमतेम साडेचारशे-पावणेपाचशे थडगी बेनाव राहिली. आपण नामाचा महिमा गातो तो देवाच्या नामाचा. पण गेलेल्या माणसाचं नावही त्याच्या आईला काय असतं, ते एकदा मनात आणून बघा.

युद्ध संपलं, एप्रिल १८६५. मायकेल सुटला. वाचला म्हणावं तर थांबा, अजून एक फेरा आहे. सुटलेल्या कैद्यांना घरी नेण्यासाठी मिसिसिपी नदीवर आगबोटी लावल्या. एका बोटीचं नाव ‘सुलताना’. तिची मर्यादा ३७६ माणसांची. सरकार माणशी भाडं देत होतं, म्हणून दोन हजारांहून जास्त माणसं चढवली. बाष्पकाचं पात्र फुगलेलं, त्याला घाईघाईने ठिगळ मारलेलं. नदीला पूर. २७ एप्रिलच्या रात्री दोनच्या सुमारास, मेम्फिस शहराच्या वरच्या अंगाला, बाष्पकं फुटली. बोट पेटली. मागे आग, खाली पूर, अंगात ताकद नाही. त्या रात्री हजाराहून कितीतरी जास्त माणसं गेली. पुढे कोणालाही शिक्षा झाली नाही. आणि बारा दिवसांपूर्वीच लिंकन गेले होते, देश त्या दुःखात होता, म्हणून या पोरांसाठी वर्तमानपत्रांत फारशी जागाही उरली नाही.

मायकेल त्या रात्रीतूनही वाचला. एकवीस वर्षं पूर्ण व्हायला तेरा दिवस कमी होते.

पुढे पेनसिल्व्हेनियात ब्रिस्टल गावी तो राहिला. २३ जानेवारी १८९७ रोजी त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालं. आपल्याकडे जसं परमवीर चक्र, तसा तिथला हा सर्वोच्च मान. जेफर्सनच्या त्या घराबद्दल, तेहतीस वर्षांनी. म्हणजे ज्याच्यासाठी पदक मिळालं, तो एक दिवस. अँडरसनव्हिलच्या महिन्यांसाठी पदक नाही. नदीतल्या रात्रीसाठी नाही. नंतर घरी येऊन जगलेल्या वर्षांसाठी तर नाहीच.

आता ज्यासाठी आख्यान लावलं, ते ऐका. १९०८ साली त्याने ती रोजनिशी छापली. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्याने काय छापलं? आपल्या रिसाल्यातले १२७ जण एकाच वेळी पकडले गेले, त्यातले १२२ अँडरसनव्हिलमध्ये मेले आणि आपण एकटेच वाचलो. छाती फुगवायला पदक होतं. पण त्याने सोबत्यांची मोजदाद पुढे ठेवली. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षं तो आकडा त्याने उराशी जपला होता. रोज उठायचं, कामाला जायचं, लेकराबाळांत बसायचं, आणि आत ते १२६ जण. १९ फेब्रुवारी १९३० रोजी, पंचाऐंशी वर्षांचा होऊन तो गेला.

हवालदारबाबा, तुम्ही विचारलं होतं, परत आलेल्यांचं कीर्तन कुठं असतं का. त्या दिवशी मी म्हटलं, प्रारब्ध आहे, नाम घ्या. आज सांगतो ते असं. तुम्ही परत येऊन जे दिवस काढले, तीही धृतीच होती. माळावरून धावून जाण्याहून ती कमी नव्हती. आणि गेलेल्या सोबत्यांची नावं तुम्ही मनात धरून ठेवली होती, ते ओझं नव्हतं. ती तुमची सेवा होती. हे सांगायला मला उशीर झाला. तुम्ही नाही, म्हणून तुमच्यासारख्या जो कोणी या मंडपात बसला असेल, त्याला सांगतो.

आणि आपल्या देवाकडे बघा ना. भक्ताने हाक मारली की तो धावतो, हे आपण रोज गातो. पण पंढरीत तो कसा भेटतो? धावताना नाही. विटेवर उभा. पुंडलिकाने थांब म्हटलं, तेव्हापासून कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगं उभाच आहे. धाव त्याची आणि धीरही त्याचाच. तुम्ही आम्ही वारी चालतो ती धाव. आणि वारी संपवून घरी जाऊन आजारी सासऱ्याचं अंथरूण बदलायचं, कर्जाचा हप्ता भरायचा, गेलेल्या लेकाच्या फोटोला हार घालून पुन्हा शेतावर जायचं, ते विटेवरचं उभं राहणं आहे. त्याला पदक मिळत नाही. पण त्याची दखल घेणारा एक विटेवर उभा आहे.

उद्या दर्शनाच्या बारीत कोणी म्हातारा एकटाच, मुकाट उभा दिसला, तर त्याला तांब्याभर पाणी द्या आणि विचारा, बाबा, तुमच्याबरोबर कोण कोण होतं? तो सांगेल ती नावं नीट ऐकून घ्या. मला ते एकदा जमलं नाही. तुम्हाला जमो, हीच पांडुरंगाचरणी प्रार्थना.

पुंडलिकवरदा हारि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.